चौकोनी कंसातलं जनावर

दिव्यानीचं एक ठाम मत होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय धानोऱ्याच्या ऑफिसातून कुणाची सुटका नसे. माहितीचं पान वरून खाली वाचायचं असतं. खालून वर वाचणारा माणूस आणि चपला घालून आंघोळीला बसणारा माणूस, दोघे तिच्या लेखी सारखेच.

हे पान म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी कसली ऐट. तिच्या संस्थेनं जंगलातल्या काही गावांत, समाजमंदिराच्या भिंतीवर, एकेक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. सगळे त्याला पेटी म्हणत. पेटीला जोडलेले भोंगे गावभर खांबांवर टांगलेले. हत्ती गावाकडे सरकले किंवा वाघ दिसला, की नेमलेल्या माणसानं पेटीवर 'सावध' ही आज्ञा टाइप करायची आणि भोंग्यांतून इशारा सुरू व्हायचा. प्रोग्रॅम लिहिला चंद्रपूरच्या राजदीपनं. तो वापरायचा कसा, हे सांगणारं पान लिहिलं दिव्यानीनं. 'माहिती सावध' एवढं टाइप केलं की ते पडद्यावर उघडायचं.

अशी पानं जगभरच्या कॉम्प्युटरांत असतात आणि त्यांची एक जुनी रीत आहे. सगळ्यात वर आज्ञेचं नाव आणि एका ओळीत तिचं काम. मग सारांश, म्हणजे आज्ञा लिहायचा साचा. मग वर्णन, मग पर्याय, मग उदाहरणं, आणि पार तळाशी उणिवा, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला काय जमत नाही त्याची उघड कबुली. साच्यातल्या खुणाही ठरलेल्या. ठळक अक्षरं आहेत तशीच लिहायची. अधोरेखित असेल तिथं आपलं काहीतरी घालायचं. चौकोनी कंसात असेल ते वगळलं तरी चालतं. दिव्यानीला या रीतीचं भारी कौतुक. कुण्या अनोळखी माणसानं लिहिलेलं पान उघडावं आणि हवी ती गोष्ट हव्या त्या जागी सापडावी, हे तिला घरच्या स्वयंपाकघरासारखं वाटे. वीज गेली तरी मिठाचा डबा हाताला लागतोच.

तिच्या पानावरचा साचा असा होता:

सावध [-हत्ती | -वाघ] गाव

राजदीपनं फोनवर वाहवा केली. "एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही." तेवढ्यावर आठवडाभर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आरमोरीला आईला फोन करून तिनं ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. सुगंधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. जेवली का?"

कोहकाटोल्यात पेटी सांभाळायचं काम ग्रामसभेनं इसरूभाऊ मडावींकडे दिलं होतं. माणूस पन्नाशीचा, शांत, घाईगडबड न करणारा. दिव्यानी शिकवायला गेली तेव्हा त्यांनी पान उघडलं आणि काय केलं, तर थेट तळाला जाऊन उणिवा वाचायला लागले.

"भाऊ, वरून वाचा ना."

"वरतं काय हाय?"

"आज्ञेचं नाव."

"नाव त तूच सांगतलं आत्ता." इसरूभाऊंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "बजारात बैल घ्याले गेलो त मी आधी त्याची खोड पुसतो, बाई. नाव मंग."

शेजारी उभी असलेली त्यांची सून दुर्गा खुदकन हसली. दिव्यानीला काही हसू आलं नाही. तिनं पुन्हा वर नेऊन साचा दाखवला, खुणा समजावल्या. चौकोनी कंसापाशी इसरूभाऊ थांबले.

"हे नाई लिवलं त पेटी रागवनार नाई?"

"नाही रागवणार. कंसातलं वगळलं तरी चालतं."

आता हे खरंच होतं. पेटी रागावत नसे. पण प्रकार लिहिला नाही, तर पेटी तो हत्तीचाच इशारा समजे. पेट्या बसवल्या त्या साली हत्तींचीच धास्ती होती, म्हणून राजदीपनं तसं ठेवलं होतं. वर्णनात तिसऱ्या ओळीला दिव्यानीनं ते लिहिलंही होतं. लिहिलं म्हणजे सांगितलं, असा तिचा समज. लिहिणाऱ्या पुष्कळांचा असतो.

आणि या दोन इशाऱ्यांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. हत्ती आले की धानाच्या आणि मोहाच्या वासानं कुडाच्या भिंती पाडतात, म्हणून घर सोडून शाळेच्या पक्क्या इमारतीत यायचं. वाघ असला तर घरातून पाऊल बाहेर काढायचं नाही. दोन्ही इशारे दिव्यानीच्याच आवाजात भरलेले होते.

दुपारी ती इसरूभाऊंकडे जेवली. घर गावातलं शेवटचं, नाल्याच्या अंगाला. त्यांची बायको रुखमाबाई वाढता वाढता अंगणातल्या खांबावरच्या भोंग्याकडे बघून म्हणाली, "एक सासू होती, ते गेली. आता खांबावर दुसरी आनली का तुमी?"

हे झालं पावसाळा सरताना. पुढं धान कापून झालं, खळी उरकली, थंडी पडली. एका सांजेला दिव्यानी धानोऱ्यातल्या आपल्या खोलीत चहा ठेवत होती, तेव्हा फोनवर पेटीचा संदेश आला: कोहकाटोला, हत्ती. आणि खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा आनंदच झाला. आपलं पान वाचून कुणीतरी आज्ञा बरोबर दिली होती! आल्याचा तुकडा हातात तसाच धरून ती संदेशाकडे बघत राहिली.

मग दुर्गाचा फोन आला.

"ताई, हत्ती नाई जी! जनावर हाय! नाल्यावर. शेजारच्या पोरानं, लोकेशनं, पाह्यलं, बैल घेऊन येत होता तो."

जनावर म्हणजे कोण, हे आरमोरीच्या पोरीला समजावून सांगावं लागत नाही. दिव्यानीच्या हातातलं आलं खाली पडलं. आणि फोनमधून, दुर्गाच्या मागून, तिला तिचाच आवाज ऐकू येत होता. स्वच्छ, गोड, एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तसा. हत्ती आले आहेत. घर सोडा. सगळ्यांनी शाळेत या. हत्ती आले आहेत. घर सोडा.

"लोक निघून राह्यले ताई, लेकरं घेऊन निघून राह्यले!"

"भाऊंना दे. भाऊ, वाघ का नाही टाकलं तुम्ही?"

मग इसरूभाऊंचा घोगरा आवाज आला. "दिवस बुडला होता ना, बाई."

तेवढं पुरलं. अंधार पडल्यावर ते नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो ऐकतो, हे तिला का माहीत नव्हतं? तिच्या आईनं जन्मात कधी दिवेलागणीनंतर ते नाव उच्चारलं नव्हतं. लहानपणी तिनं एकदा अंगणात ओरडून म्हटलं तर पाठीत धपाटा बसला होता. घरी पाळायची रीत तिनं ऑफिसात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली होती, आणि मुद्दाम नव्हे, नुसती विसरून. इसरूभाऊ विसरले नव्हते. ते नाव लिहायचं नाही म्हणून त्यांनी कंस वगळला. तिनंच सांगितलं होतं, चालतं म्हणून.

"मी इथून बदलते," ती म्हणाली आणि पेट्यांशी जोडलेला लॅपटॉप ओढला. वाघाचा इशारा टाइप केला. पेटीनं उत्तर दिलं: आधीचा इशारा सुरू आहे.

पुन्हा दिला. आधीचा इशारा सुरू आहे.

थांबवायचा कसा? काहीतरी होतं. तिनंच लिहिलं होतं, पण कुठं लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना. तिनं आपलंच पान उघडलं आणि नाव, सारांश, वर्णन सगळं सोडून थेट तळाला धावली. उणिवा. 'एक इशारा सुरू असताना दुसरा देता येत नाही. आधी सावध -थांब द्यावं.' आपण खालून वाचलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

थांब दिलं. फोनमधला तिचा आवाज घर सोडा म्हणता म्हणता तुटला. मग ती दुसरी आज्ञा. ते नाव टाइप करताना तिचीही बोटं अडली, आई शप्पथ अडली. पण तिनं टाइप केलं, आणि भोंगे बोलू लागले, घराबाहेर पडू नका, दारं लावून घ्या.

दुर्गा किंचाळली. "ताई, लोक आता मधातच उभे झाले! जावं का परतावं?"

हे तर आणखीच वाईट झालं. अर्धं गाव रस्त्यावर, अंधारात, आणि भोंगा सांगतोय घरात बसा. "शाळेत!" दिव्यानी ओरडली. "कुणी परतायचं नाही. सगळ्यांना एकत्र शाळेत घ्या, गलका करत या म्हणावं!"

इसरूभाऊ धावत बाहेर गेले. दुर्गानं फोन तसाच चालू ठेवला. दिव्यानीनं तो कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. माणसांचा कालवा, डबे बडवल्याचा आवाज, कुत्री, कुणाचं तरी तान्हं रडतंय. शेगडीवर चहा उतू गेला, तिनं नुसताच गॅस बंद केला. मग शाळेचं लोखंडी दार कुरकुरत लागलं आणि कालवा आतल्या आत घुमायला लागला.

"आले जी सगळे," दुर्गा म्हणाली. दिव्यानी खाली बसली. आणि लगेच दुर्गाचा आवाज फाटला. "ताई, सासूबाई नाई इथी."

रुखमाबाई. नाल्याच्या अंगाचं शेवटचं घर.

इसरूभाऊ आणि पाच-सात जण टेंभे, काठ्या घेऊन, डबे वाजवत निघाले. दिव्यानीला आता काहीच करायला उरलं नव्हतं. एकच विचार डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता: ती बाई माझ्या आवाजानं घराबाहेर पडली असेल. एकटी. मी गोड आवाजात बोलावलं तिला. ती आरमोरीच्या देवीला नवस बोलली, हेमलकशाच्या वाटेवरचा जो देव आठवला त्यालाही बोलली, आणि रुखमाबाईनं भोंग्याला सासू म्हटलं होतं ते आठवून तिला रडू फुटलं. ऐकू नको गं बाई, ती म्हणत होती, सासूचं काय ऐकायचं, ऐकू नको.

बऱ्याच वेळानं शाळेत एकदम गलका उठला. दुर्गा रडतेय की हसतेय हेच कळेना.

"घरीच हाय! दार लावून धानाच्या ढोलीले टेकून बसली हाय! सासरेबुवानं इचारलं काऊन नाई आली, त म्हनते, हत्तीच्या भेवानं मी घर सोडू, अन माहा धान काय त्याईले वाढून ठेवू?"

दिव्यानी हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, तोंडावर ओढणी दाबली, तरी हसू थांबेना. शेजारच्या खोलीतल्या बाई बघायला आल्या, पोरीला काय झालं म्हणून. काही नाही झालं. काहीच नाही झालं, हेच तर झालं होतं.

सकाळी संस्थेचा ड्रायव्हर अजय याची जीप कोहकाटोल्याकडे निघाली होती, तीत ती चढली. गावात पोचली तेव्हा सगळं गाव इसरूभाऊंच्या अंगणाबाहेर उभं होतं. सारवलेल्या अंगणात पावलं उमटली होती. नाल्याकडून आलेली, शेळ्यांच्या कोठ्याला वळसा घातलेली, दाराच्या पायरीपाशी घोटाळलेली आणि परत नाल्याकडे गेलेली. एकेक पाऊल माणसाच्या पसरलेल्या पंजाएवढं.

"निघाली असती त," इसरूभाऊ हळूच म्हणाले.

"नाई ना निघाली." रुखमाबाईनं पदर खोचला. "ऐकलं नाई म्हनून वाचली मी. आता याच्यापुढं मले कोनी ऐकाले सांगू नका."

दिव्यानीनं वाकून तिच्या पायाला हात लावला. मग ती इसरूभाऊंजवळ गेली. "भाऊ, चूक माझी. ते नाव मी लिहायलाच नको होतं."

"दिवसा चालते," इसरूभाऊ म्हणाले. "पन तो दिवसा कुठी येते?" मग त्यांनीही मनातलं बोलून टाकलं. "मीबी भोंग्यातून काय निंगते ते आधी पुसाले पाह्यजे होतं. कंस कंस करून राह्यलो नुसता."

राजदीपला फोन केला तर तो आधी आपल्या वळणावर गेला. पर्याय वगळता आले पाहिजेत, जगभर तशीच रीत आहे, पन्नास वर्षांची. दिव्यानीनं त्याला बोलू दिलं.

"राजदीपदादा, रीत कंसाची आहे. कंसात काय ठेवायचं ते आपण ठरवलं. ज्याच्यावाचून माणूस मरू शकतो ते कंसात ठेवू नये, असं माझं म्हणणं."

राजदीपनं विचारलं, "नवीन शब्द काय ठेवायचा?"

नवीन शब्द जुनाच होता. कंस गेला. प्रकार लिहिल्याशिवाय पेटी आता काहीच वाजवत नव्हती, उलट विचारत होती, हत्ती की जनावर? दिव्यानीनं इशाराही पुन्हा भरला, ते नाव न घेता. जनावर आहे. दारं लावा. बाहेर निघू नका. पानाचा क्रम मात्र तिनं बदलला नाही. वरून वाचणाऱ्याला वरून, खालून वाचणाऱ्याला खालून, सापडलं म्हणजे झालं. एवढं ती आता मान्य करायला लागली होती, कुरकुरत का होईना.

पुढच्या आठवड्यात ती चाचणीला गेली. दिवस बुडेपर्यंत मुद्दाम थांबली. गावाला दुपारीच सांगून ठेवलं होतं, आज नुसतं वाजवून बघणार आहोत. इसरूभाऊंनी बोटं न अडखळता टाइप केलं: सावध -जनावर कोहकाटोला. भोंगे बोलले, पेटीपाशी जमलेल्यांनी माना डोलावल्या, थांब दिलं आणि चाचणी झाली. जेवण इसरूभाऊंकडेच होतं, म्हणून दोघं टॉर्च घेऊन निघाली.

घराचं दार आतून बंद.

"रुखमे, उघड. आमी हाओ."

"नाई उघडत," आतून आवाज आला. "जनावर हाय."

"अवो, चाचनी होती ते! दुपारी सांगतलं ना सगळ्याइले."

"मी दुपारी वावरात होतो. मले भोंग्यानं सांगतलं, दारं लावा. मी लावलं. त्या दिशी नाई ऐकलं त गावानं नावं ठेवली, आज ऐकलं त तुमी बोंबलून राह्यले."

"काकू, मी दिव्यानी. माझाच आवाज आहे तो भोंग्यातला."

"मंग भोंग्यातूनच सांग, जनावर गेला म्हून. मंग उघडतो."

इसरूभाऊंनी दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानीनं तोंडावर हात मारून घेतला. धोका आला हे सांगायची सोय त्यांनी केली होती, धोका टळला हे सांगायची केलीच नव्हती. 'थांब' म्हटलं की भोंगा नुसता गप्प व्हायचा. गप्प भोंग्यावरून दारामागच्या माणसानं काय समजायचं? राजदीपच्या ध्यानात आलं नव्हतं, तिच्या पानावर नव्हतं, इसरूभाऊंनी एवढ्या उणिवा घोकल्या त्यांत नव्हतं.

दोघं आल्या पावली समाजमंदिरात परतली. दिव्यानीनं पेटीसमोर उभं राहून आवाज भरला, दोनदा, कारण पहिल्यांदा मधेच हसू आलं. प्रोग्रॅममध्ये तो रात्री राजदीप बसवणारच होता, तोवर तिनं तसाच भोंग्यांवर सोडला.

जनावर गेलं. दारं उघडा. जनावर गेलं. दारं उघडा.

ती दाराशी उभी राहून ऐकू लागली. थंडीत आवाज लांबवर जात होता. आधी शेजारचं एक दार वाजलं, मग पलीकडचं. म्हणजे चाचणी आहे हे सांगूनही कितीतरी घरांनी कड्या लावल्या होत्या! ती त्या आवाजांकडे कान देऊन उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक तिचं ऐकत होते. त्या दिवशीही ऐकत होते, आजही.

सगळ्यात शेवटी, नाल्याच्या अंगाला, एक जड कडी खडखडली.

दोघं पोचली तेव्हा रुखमाबाई उघड्या दारात उभी होती. तिनं खांबावरच्या भोंग्याकडे एकदा पाहिलं, मग दिव्यानीकडे.

"आता बरं बोलली," ती म्हणाली. "चाल, जेवाले बस."